तिमोरचं तिकीट

४ मार्च

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून उघडलं असेल तर तुमचं मन मोठं म्हणायचं. न ओळखता उघडलं असेल तर फसलात, आता वाचाच. बावीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कधी लेकीच्या लग्नाची गडबड, कधी माझे गुडघे, कधी दुकान. सबबींना काय तोटा!

पत्ता टिकटिकच्या मुलाकडून मिळाला. घड्याळांचे सुटे भाग घेऊन दुकानोदुकानी फिरणारा टिकटिक आठवतो ना? तुम्हीच त्याला हे नाव ठेवलं होतंत. तो गेला. मुलगा बापाचीच बॅग घेऊन फिरतो आणि बडबडीत बापाच्या वरताण आहे. तुमचं दुकान छान चाललंय म्हणाला, डोक्यावर केस मात्र एक उरला नाही म्हणाला. मला फार बरं वाटलं. दुकानाबद्दल, केसांबद्दल नव्हे.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या दादांचं ठीक नाही. म्हणजे अंगानं ठणठणीत आहेत, जिना चढतात, चहाला नको म्हणत नाहीत. पण डोकं साथ देत नाही. सुरुवात दुकानातच झाली. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ उघडलं, साफ केलं, पुन्हा जोडलं, आणि टेबलावर तीन चाकं उरली. ज्या माणसानं डोळे मिटून घड्याळं जोडली, तो त्या तीन चाकांकडे बघून मला विचारतो, "ही कुठून आली गं?" मी हसले. तेव्हा हसायला जमत होतं. पुढच्या महिन्यात दुकान बंद केलं.

आता कधी मला ओळखतात, कधी लेकीच्या नावानं हाक मारतात. परवा म्हणाले, "बाई, तुम्ही फार कष्ट घेता हो. तुमच्या घरचे वाट बघत असतील." डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यानं हात टेकलेत. गोळ्यांनी घसरण जरा हळू होईल, थांबायची नाही, असं सरळ सांगतो.

दोन गोष्टी मात्र डोक्यातून जात नाहीत. एक तुम्ही. "छोट्या कुठंय?" हे दिवसातून दहा वेळा. आणि दुसरी ती वही.

कुठली वही ते तुम्हाला सांगायला नको. काळ्या पानांची, तिकिटं खोचायला पट्ट्या लावलेली, पोर्तुगाल आणि त्याच्या वसाहतींच्या टपाल तिकिटांची. तुमचे मामा बोटीवर इंजिनाच्या कामाला होते आणि बंदराबंदरांतून पत्रं टाकायचे, तिथून तुम्हा भावांना हा नाद लागला. अंगोला, मोझांबिक, मकाव, केप व्हर्दे, तिमोर. सगळीकडे तीच एक बाई, हातात विळा आणि कणसं घेऊन उभी; मुलखाचं नाव आणि किंमत तेवढी काळ्या शाईत बदलायची. मी तिला माझी सवत म्हणायचे. रविवारी दुपारी तुम्ही दोघं डोळ्याला भिंग लावून तिच्या कडेचे दात मोजत बसायचात आणि इकडे चहा गार व्हायचा. न वापरलेल्या तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानंच उचलायचं, मागच्या गोंदाला श्वाससुद्धा लागता कामा नये, हा यांचा कायदा. लेक लहान असताना तिनं एकदा एक तिकीट चाटून बघितलं, तर दोन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते.

आता ते स्वतःच चाटतात, भाऊजी.

रोज सकाळी उठून तुम्हाला पत्र लिहितात. वहीतलं एक कोरं तिकीट काढतात, जिभेला लावतात, पाकिटावर चिकटवतात, वर मूठ आपटतात आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येतात. शंभर वर्षांपूर्वीची तिकिटं! ज्यांनी ती काढली ती राज्यंसुद्धा आता नाहीत. आणि पत्ता घालतात आपल्याच घराचा, खाली 'मागची खोली' असं लिहून. त्यांच्या लेखी तुम्ही अजून तिथंच राहता. पोस्टमन ती पत्रं मुकाट आणून देतो. पहिल्यांदा म्हणाला होता, "काकू, हे तिकीट कुठंच चालत नाही. पण पाठवणारा इथला, घेणारा इथला, मी कशाला मधे येऊ?" मग तुमचे दादा ते पत्र घेतात, मागच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवतात आणि खुर्ची टाकून उत्तराची वाट बघत बसतात.

आत काय लिहितात ते मी बघत नाही. दुसऱ्याची पत्रं वाचायची सवय मला नाही.

एकदा येऊन जाल का? तुमचा चेहरा त्यांना अजून किती दिवस ओळखू येईल ते डॉक्टरला सांगता येत नाही. तुमच्या मनात काय असेल ते मला समजतं. पण जुनं झालं ते आता. माणसाच्या हातून चुका होतातच.

जपून असा.

अनेक आशीर्वादांसह,
वहिनी


२७ मार्च

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. चारच ओळी, पण मिळालं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ आहे. 'दादाची पत्रं माझ्या नावची आहेत, ती मला पाठवा. तिकीट मी घेतलं नव्हतं. हे त्याला पटू दे आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणू दे, मी त्याच दिवशी निघतो. तोवर नाही.'

तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

कार्ड यांना दाखवलं. आधी वास घेतला, मग भिंग डोळ्याला लावून तिकीट तपासलं आणि म्हणाले, "साधंच आहे." मी म्हटलं, अहो, छोट्याभाऊजींचं कार्ड आहे. तर उठून मागच्या खोलीकडे गेले, दार वाजवलं आणि मला म्हणाले, "कार्डं कसली टाकतो? बाहेर ये म्हणावं." मी कार्ड त्यांच्या हातून घेऊन ठेवून दिलं.

इकडे पाण्याचा पंप बिघडलाय. लेक आली होती, तिनं घरातले सगळे चाकू, कात्र्या कुलपात ठेवल्या, आता मला भाजी चिरायची तर आधी किल्ली शोधावी लागते. गुडघ्यांवर एक नवीन तेल आलंय, वासानं शेजारीण यायची बंद झाली एवढाच गुण आलाय.

पत्रं पाठवायची म्हणाल तर थोडी ओली झालीत, वाळली की पाठवते.

हे मी काय लिहितेय! ओलीबिली काही झालेली नाहीत. कपाटात एकावर एक नीट ठेवलेली आहेत, एकतीस. आणि ती मी वाचलीत. पहिल्यापासून सगळी वाचलीत. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

निम्म्यांत तर कामाचंच आहे. 'छोट्या, मनोऱ्याच्या घड्याळाला तेल घालायचं राहिलंय, शिडी तू धर.' 'छोट्या, बारीक चिमटा कुठं ठेवलास?' एकात नुसता पत्ता आहे आणि आत कोरा कागद. पण बाकीच्यांत जे आहे त्यामुळं मला ती पाकिटात घालवत नाहीत. एक उतरवून देते, तसंच्या तसं. 'छोट्या, ते तिकीट राहू दे तुझ्याकडेच. तुलाच सापडलं होतं. घेतलंस त्याचं मला आता काही वाटत नाही. मी माफ केलं. फक्त घरी ये.'

अशी चौदा आहेत. चौदा वेळा माफ केलंय तुम्हाला. तुम्ही ती वाचली तर काय होईल ते मला दिसतंय. जे केलंच नाही त्याची माफी कुणाला हवी असते?

त्या दिवसाचं तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी लिहिते. तुम्ही दोघं मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला गेला होतात, दोन दिवस. परतलात तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत काळे. हात धुऊन यांनी आधी वही उघडली आणि तिमोरच्या पानावर ती जागा रिकामी. जुन्या सरमिसळ तिकिटांच्या पाकिटातून तुम्हीच ते निवडून काढलं होतंत. त्या बाईच्या खाली किमतीचा आकडा छापायचाच राहून गेला होता. हे शंभरदा बघून गेले होते तरी दिसलं नव्हतं, तुम्हाला एका नजरेत दिसलं. तेव्हापासून तुम्ही ते मागत होतात आणि हे म्हणत होते, वही एकच, ती घरातच राहील. वहीचं कपाट उघडणारे आपण तिघंच. "ती तर शिवतसुद्धा नाही," असं हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "वहिनी, तुम्ही काही बघितलंत का?"

मी नाही म्हटलं.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. दुकानाच्या किल्ल्या तुम्ही टेबलावर ठेवल्यात, त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दूध गॅसवर आहे, हे उठलेत वाटतं. बाकीचं नंतर लिहीन.

अनेक आशीर्वाद,
वहिनी


१५ एप्रिल

भाऊजी,

दूध गॅसवर नव्हतं.

ते तिकीट माझ्या हातून गेलं. घ्या, लिहून झालं. बावीस वर्षं घशात अडकलं होतं आणि लिहायला पाच शब्द लागले.

तुम्ही दोघं मनोऱ्यावर होतात. आठ दिवस हवा दमट होती, कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागत होते. मी कपाट पुसायला काढलं, वही हातात आली, आणि म्हटलं बघू तरी सवत काय म्हणतेय. तिमोरच्या पानावर ते तिकीट पट्टीतून घसरून दोन पानांमधल्या सुट्या पातळ कागदाला चिकटून बसलं होतं. यांनी बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मला तुमचं शिकवणं आठवलं. "वहिनी, कोमट पाणी, ताटली आणि धीर. कागद आपोआप सुटतो." जुन्या पाकिटांवरची तिकिटं तुम्ही माझ्याकडून अशी कितीदा सोडवून घेतली होतीत. ती वापरलेली असायची, साध्या कागदाची. न वापरलेल्याचा गोंद जातो हे मला माहीत होतं. म्हटलं, गोंद गेला तर जाऊ दे, तिकीट तर वाचेल. पण त्या जुन्या तिकिटांच्या कागदावर खडूसारखा लेप असतो आणि चित्र त्या लेपावर असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कधी.

सुटलं ते. पाण्यात उताणं तरंगलं. चेहऱ्यावर थोडी धूळ दिसली म्हणून मी अंगठ्यानं हलकेच पुसलं. आणि ती बाई, विळा, कणसं, सगळी माझ्या अंगठ्यावर आली. ताटलीत उरला दातेरी कडांचा पांढरा कागद.

मी दोन दिवस ठरवत होते की तुम्ही आलात की सांगायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण तुम्ही विचारलंत तेव्हा हे ओरडत होते, आणि माझ्या तोंडातून नाही निघालं. मला वाटलं, आता चिडलेत, उद्या सांगू. तुम्ही त्याच संध्याकाळी बॅग भरलीत. उद्या सांगणार कुणासमोर?

एक विचारायचंय. साबणानं घासूनही माझ्या नखात त्या तिकिटाचा हिरवा रंग राहिला होता. मी नाही म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. बघितलंत ना? मग काही न बोलता किल्ल्या काढल्यात. तुम्हाला कळलं होतं आणि मला वाचवायला तुम्ही गप्प बसलात, असा संशय मला बावीस वर्षं खातोय. तसं असेल तर मला लिहू नका, इथं येऊन तोंडावर सांगा.

आता तुमच्या अटीचं.

मी यांना सांगितलं. तीन वेळा सांगितलं.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सकाळ होती, डोकं लख्ख होतं, मला नावानं हाक मारली होती. सगळं ऐकलं. "म्हणजे मी छोट्याला उगाच घालवलं," एवढंच म्हणाले आणि बूट घालायला लागले, तुमच्याकडे यायला. डाव्या पायात उजवा बूट. मी खाली बसून तो बदलला, लेस बांधली, आणि मान वर केली तर विचारतात, "कुठं निघालोय आपण?" दुपारी जेवताना म्हणाले, "तिकीट छोट्यानंच घेतलं, पण पोरगा वाईट नाही."

म्हणून दुसऱ्यांदा युक्ती केली. सांगितलं आणि लगेच कागद पुढं केला. त्यांनी लिहिलं, 'छोट्यानं तिकीट घेतलं नव्हतं,' खाली सही, तारीख. मला वाटलं, जिंकले. तोंडानं नाही तर हातानं तरी म्हणाले. सकाळी तो कागद त्यांच्या हाती लागला. भिंग लावून बराच वेळ बघत बसले आणि हसले. "बघ, माझं अक्षर काय हुबेहूब काढलंय त्यानं! लहानपणापासून असाच आहे." म्हणजे मी तुम्हाला सोडवायला गेले आणि तुमच्यावर आणखी एक आळ आणला. तो कागद सोबत आहे. नुसता तोच पाठवला असता तर तुम्ही आला असतात, हे मला माहीत आहे. दोन दिवस पाकिटात घालून ठेवलाही होता. पण तो मी सांगून लिहवून घेतला होता, आणि एक खोटं मला पुरे झालं.

तिसऱ्यांदा काल दुपारी. शब्दांनी काही होत नाही म्हणून पुरावाच पुढं केला. हो, तो पांढरा कागद मी टाकला नव्हता. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, चिमूटभर कापसात गुंडाळून ठेवला होता. तो त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, हे बघा, हेच ते तिमोरचं तिकीट. मी पाण्यात घातलं. मी पुसलं. छोट्याभाऊजींनी काही केलं नाही.

त्यांनी चिमटा घेतला. किती दिवसांनी हात स्थिर होता! भिंग डोळ्याला लावलं, कडेचे दात मोजले, उलटंसुलटं केलं, उजेडाकडे धरलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडा, मारा, काहीतरी करा, असं मनात म्हणत मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

"बाई," ते म्हणाले, "हे काय आहे कळतंय का तुम्हाला? छपाईच राहून गेलीय. आकडा नाही, नाव नाही, काहीच नाही. असं जगात दुसरं नसेल."

मी म्हटलं, अहो, हे मी केलं. मी.

"तुम्ही शोधलंत?" म्हणाले. चेहरा असा उजळला, भाऊजी, की दोन वर्षांत मी तसा बघितला नाही. उठले आणि माझी पाठ थोपटली. "शाब्बास! नजर आहे तुम्हाला. छोट्याला दाखवायला हवं. तो वेडा होईल बघून."

मग मी रडले. तर मला रुमाल दिला आणि म्हणाले, आनंदानं होतं असं कधी कधी.

आता मला माफ करणारं किंवा शिक्षा देणारं या घरात कुणी राहिलं नाही. यांना कितीही वेळा सांगितलं तरी माझ्या वाट्याला शाबासकीच येणार. तुमची अट मी पुरी करू शकत नाही. दादांच्या तोंडून ते वाक्य यायचं नाही, आणि आलंच तरी जेवणापर्यंत टिकायचं नाही. माझ्या तोंडून घ्या, दुसरं माझ्यापाशी काही नाही: तिकीट तुम्ही घेतलं नव्हतं.

एकतीस होती, आता पन्नास झालीत, ती सगळी पत्रं सोबत आहेत. माफीची चौदाची सोळा झाली. ती वाचताना राग आला तर तो माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको. वहीत आता थोडीच तिकिटं उरली आहेत. लेक म्हणते वही लपवून ठेव. मी लपवत नाही. रोज सकाळी तुमच्या नावानं एक सुटतं, तेवढा वेळ त्यांना तुम्ही आठवता. ती संपल्यावर काय होईल ते मला माहीत नाही.

तो पांढरा कागद यांनी स्वतः पातळ कागदात गुंडाळून या पत्रात घातलाय. जपून उघडा. वर लिहिलंय, 'छोट्यास, बघून परत आण.'

मागच्या खोलीची खाट झाडून ठेवली आहे. येताना कळवू नका, नुसते या. दार मी उघडेन, आणि आधी माझ्याशी काय बोलायचं ते बोलून मगच आत जा.

या वेळी आशीर्वाद लिहिलेले नाहीत. तुमचा राग उतरला तर पुढे लिहीन.

जिनं नाही म्हटलं ती,
वहिनी